सर्दी झाल्यावर घरच्या घरी काय करावं: नाक, घसा, खोकला आणि रात्रीची झोप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सर्दीचा चौथा दिवस आहे, तुमचं नाक चोंदलंय आणि रात्री ढास लागते, चार वर्षांच्या मुलीचा शेंबूड आता हिरवा यायला लागलाय, घरात आठ महिन्यांचं बाळ पण आहे, आणि कुणी सांगतंय अँटिबायोटिक सुरू करा, कुणी सांगतंय नुसती वाफ घ्या, तर घरी नेमकं काय करायचं. मी बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय आणि सर्दीचे पेशंट रोजच असतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, घाईत असाल तर बाळाचा आणि शेवटचा भाग मात्र नक्की वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. सर्दी करणारे व्हायरस दोनशेच्या वर आहेत, त्यातले सगळ्यात जास्त रायनोव्हायरस, आणि त्याचेच दीडशेपेक्षा जास्त प्रकार आहेत, म्हणून एकदा सर्दी होऊन गेली तरी पुन्हा होतेच. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलांना सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल आहे, त्यात मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे वगैरे काही नसतं. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग उतरायला लागतो, सात ते दहा दिवसांत बहुतेक लोक बरे होतात, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. आणि नाक वाहणं, शिंका, घसा दुखणं हा जो सगळा त्रास आहे ना तो व्हायरसने काही तोडफोड केली म्हणून फारसा होत नाही, तो आपल्या शरीराने व्हायरसला दिलेल्या उत्तराचा असतो, रक्तवाहिन्या फुगतात, पाणी सुटतं, नसा चिडतात. त्यामुळे घरातला कुठलाही उपाय व्हायरस मारत नाही. पण त्रास कमी करतो, आणि तो करणं हे खूप मोठं काम आहे असं मी मानतो, कारण माणूस सर्दीने हैराण होतो तो खरं म्हणजे झोप न झाल्यामुळे.

म्हणून मी पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारतो की सगळ्यात जास्त त्रास कशाचा आणि तो कधी होतो. दहातले बहुतेक जण रात्रीच सांगतात. दिवसा उभं असताना, बोलता-चालताना नाक बऱ्यापैकी चालतं, आडवं झालं की बंद, मग तोंडाने श्वास, मग घसा कोरडा, मग ढास, आणि पहाटे डोकं जड. ही साखळी आहे आणि ती नाकापासून सुरू होते. त्यामुळे दिवसभर दर तासाला काहीतरी करत बसण्यापेक्षा संध्याकाळपासून झोपेपर्यंतचे दोन-तीन तास नीट वापरले तर फरक जास्त पडतो, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे.

आता नाक. लोकांना वाटतं नाक शेंबडाने भरलंय म्हणून बंद आहे आणि मग जोरजोरात शिंकरत बसतात. खरं तर चोंदलेलं नाक हे जास्त करून सुजेमुळे बंद असतं, नाकाच्या आतल्या बाजूला मांसल पडदे असतात त्यातल्या रक्तवाहिन्या रक्ताने भरून फुगतात आणि वाट अरुंद होते. आडवं झालं की तिकडे रक्त जास्त येतं, कुशीवर झोपलं की खालच्या बाजूची नाकपुडी जास्त बंद होते, आणि एरवीसुद्धा दोन्ही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटून पालटून थोड्या बंद होतच असतात, सर्दीत ते फक्त जाणवायला लागतं. म्हणून सुजेवर शिंकरून काही उपयोग नाही. उलट दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तर दाबाने नाकातला स्राव सायनसमध्ये ढकलला जातो आणि कानातही दडे बसतात. एक नाकपुडी बोटाने बंद करायची, दुसरीतून हलकेच शिंकरायचं, मग बाजू बदलायची, एवढंच.

नाकासाठी घरातला सगळ्यात कामाचा उपाय माझ्या मते मिठाचं पाणी. पण ते नीट बनवावं लागतं, आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. पाणी आधी खळखळून उकळायचं, उकळी आल्यावर कमीत कमी एक मिनिट तसंच उकळू द्यायचं (खूप उंचावरच्या ठिकाणी राहत असाल तर तीन मिनिटं), मग झाकून कोमट होऊ द्यायचं. नळाचं पाणी थेट नाकात कधीच घालू नका, गाळलेलंसुद्धा नाही, कारण त्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो, पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून मेंदूपर्यंत गेला तर जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. फार दुर्मिळ आहे, पण पाणी उकळायला कष्ट पडत नाहीत मग धोका कशाला घ्यायचा. एक लिटर पाण्याला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 5 मिलीच्या लहान चमच्याने सपाट दीड चमचा. एवढं नको असेल तर पाव लिटरला अर्ध्या चमच्याला थोडं कमी. चिमूटभर खायचा सोडा घातला तर चुरचुरत नाही. नुसतं साधं पाणी घातलं तर नाक जबरदस्त झोंबतं आणि लोक म्हणतात हा उपाय मला सूट होत नाही, तर तो मिठाच्या प्रमाणाचा प्रॉब्लेम असतो.

सिंकवर पुढे वाकायचं, डोकं एका बाजूला कलतं करायचं, तोंड उघडं ठेवून श्वास तोंडाने घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीतून हळूहळू पाणी सोडायचं, ते दुसरीकडून बाहेर येतं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. नाक पार बंद असेल, पाणी पलीकडून येतच नसेल तर जोर लावू नका, आधी गरम पाण्याने अंघोळ करा मग पुन्हा बघा. संध्याकाळी एकदा आणि झोपायच्या अर्धा-एक तास आधी एकदा पुरे होतं, अगदी झोपताना नको कारण थोडं पाणी आत राहिलेलं असतं ते नंतर घशात उतरतं आणि खोकला येतो. भांडं रोज धुऊन कोरडं करायचं, उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. एडिंबरातल्या एका छोट्या ट्रायलचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले, त्यात याहून जास्त खारट पाण्याने नाक धुणाऱ्या आणि गुळण्या करणाऱ्या लोकांची सर्दी सरासरी जवळपास दोन दिवस आधी संपली. छोटी आहे म्हणून मी त्यावर फार मोठा दावा करणार नाही, पण रात्रीचा आराम मात्र पेशंट हमखास सांगतात.

वाफेबद्दल माझं मत जरा कडक आहे. वाफ घेताना बरं वाटतं हे खरंय, पण सर्दी त्यामुळे लवकर जाते असं अभ्यासातून काही ठामपणे दिसलेलं नाही, आणि दुसऱ्या बाजूला उकळत्या पाण्याचं पातेलं अंगावर सांडून भाजलेली मुलं हॉस्पिटलमध्ये येतात. चार वर्षांच्या मुलीला पातेल्यावर वाकवून डोक्यावरून टॉवेल, हे कृपा करून करू नका, मांडीवर घेऊन पण नाही. तिच्यासाठी बाथरूमचं दार लावून गरम पाणी सोडायचं आणि तुम्ही तिच्यासोबत त्या दमट हवेत दहा मिनिटं बसायचं, पाण्यापासून लांब. मोठ्यांनी घ्यायची तर घ्या, पण पातेलं टेबलावर स्थिर ठेवून, गॅसवरून उतरवून पाच मिनिटं झाल्यावर. वाफेत बाम टाकला की नाक एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं ना, ते मेन्थॉलमुळे. मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, त्यामुळे हवा जास्त जातेय असं वाटतं, प्रत्यक्षात नाक तेवढंच बंद असतं. झोप लागायला तेवढं वाटणंसुद्धा पुरतं, म्हणून मोठ्यांनी छातीला लावायला माझी हरकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना मात्र बाम, कापूर काहीही नको, आणि कुठल्याच वयात नाकाच्या आत नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, डबी वर ठेवा.

मेडिकलमधले नाक मोकळं करणारे स्प्रे, ज्यात झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं, ते मात्र सूज खरंच उतरवतात. मोठ्यांना अगदीच झोप येत नसेल तर रात्री एकदा वापरायला काही नाही, पण तीन दिवस, फार तर पाच, त्यापुढे नाही. पुढे चालू ठेवलं तर स्प्रेचा परिणाम उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग पुन्हा स्प्रे, आणि हे चक्र महिनोन् महिने चालतं. असे पेशंट बघितलेत ज्यांची सर्दी कधीच गेलेली असते आणि उरलेला आजार फक्त स्प्रेचा असतो. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घशासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, एका ग्लासला पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा. पाच-सहा वर्षांखालची मुलं पाणी गिळतात, त्यांना लावू नका. गंमत बघा, जपानमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांना रोज गुळण्या करायला लावल्या होत्या, त्यात साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दीसारखे आजार साधारण एक तृतीयांश कमी झाले आणि आयोडीनचं औषध घालून गुळण्या करणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही. त्यामुळे घसा खवखवतोय म्हणून लगेच महागडं लिक्विड आणायची गरज नाही.

गरम पेय हा उपाय लोक फार हलक्यात घेतात. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये सर्दीवर खास काम करणारं एक केंद्र होतं, तिथे 2008 च्या आसपास सर्दी झालेल्या लोकांना तेच फळांचं पेय काहींना गरम आणि काहींना साध्या तापमानाचं दिलं. नाकातून जाणारी हवा मोजली तर दोघांत फरक नाही. पण गरम पिणाऱ्यांना नाक गळणं, खोकला, शिंका, घसा, कणकण, थकवा, सगळ्यातच लगेच आणि नंतरही काही वेळ बरं वाटलं, साध्या तापमानाचं पिणाऱ्यांना घसा, कणकण आणि थकव्यात आराम मिळाला नाही. गरम, थोडं आंबट-गोड, सावकाश घोट घोट, सूप असेल तरी चालतं, आल्याचं पाणी असेल तरी चालतं. दिवसभर पाणी किती प्यायचं याचा हिशोब मांडत बसू नका, लघवी फिकट पिवळी होतेय म्हणजे पुरेसं आहे. दुधाने कफ वाढतो हे मी रोज ऐकतो. 1990 साली ऑस्ट्रेलियात मुद्दाम रायनोव्हायरस दिलेल्या लोकांवर हे तपासलं होतं, दूध जास्त पिणाऱ्यांच्या नाकातून जास्त स्राव आला नाही. मुलगी दुसरं काही खात नसेल आणि दूध पीत असेल तर पिऊ द्या.

खोकल्यासाठी मध. हा उपाय मी मनापासून सांगतो, कारण मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर झालेल्या अभ्यासांत मध काहीच न देण्यापेक्षा बरा ठरलाय आणि खोकल्याच्या नेहमीच्या औषधांपेक्षा कमी तर पडलेला नाहीच. झोपायच्या अर्धा तास आधी एकच डोस, दोन ते पाच वर्षांना अर्धा छोटा चमचा, सहा ते अकरा वर्षांना एक, त्यापुढे दोन. म्हणजे तुमच्या मुलीला अर्धा. चाटवायचा किंवा कोमट पाण्यातून द्यायचा, नंतर दात घासून घ्यायचे. पण आठ महिन्यांच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून सुद्धा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यातून बॉट्युलिझम होतो, बाळ लुळं पडतं, श्वास बंद पडू शकतो. मध उकळून दिला तरी ते बीजाणू मरत नाहीत. आजी-आजोबा प्रेमाने चाटवतात म्हणून घरातल्या सगळ्यांना हे स्पष्ट सांगून ठेवा.

खोकल्याचं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊच नका आणि चार ते सहा वर्षांत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, फायदा जवळपास नाही आणि गुंगी, धडधड, श्वास मंदावणं असे त्रास होऊ शकतात. मोठ्यांच्या सर्दीच्या गोळीबद्दल पण सांगतो, त्यात बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक पॅरासिटामॉल असतं. मग माणूस अंग दुखतंय म्हणून वेगळी पॅरासिटामॉल पण घेतो आणि नकळत डोस दुप्पट होतो. मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर कधीच नको, लिव्हरवर येतं, वजन कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरंच कमी. मुलांना वजनावर, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि बाटलीवर 5 मिलीमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते बघूनच, कारण सिरप वेगवेगळ्या ताकदीची येतात. अ‍ॅस्पिरिन मुलांना नको. आणि त्या गोळीतलं फेनिलएफ्रिन, नाक उघडतं म्हणून जे विकलं जातं, ते तोंडावाटे घेतल्यावर काम करत नाही असा एकमुखी कौल एफडीए म्हणजे अमेरिकेत औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था, तिच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर 2023 मध्ये दिलाय.

व्हिटॅमिन सी. लायनस पॉलिंग हे दोन नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ 1970 पासून याचा जोरदार प्रचार करत होते त्यामुळे ते घराघरात पोचलं. नंतरच्या अभ्यासांचं सार असं की रोज नियमाने घेणाऱ्या मोठ्या माणसाची सर्दी साधारण 8 टक्क्यांनी लवकर संपते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस, आणि सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर खात्रीने काही मिळत नाही. झिंकच्या चघळायच्या गोळ्यांनी सर्दी थोडी आटोपते असं काही अभ्यास म्हणतात, पण पुरावा कच्चा आहे, मळमळतं, तोंडाची चव जाते. नाकात झिंक कधीच नको, त्याने वास कायमचा गेलेले लोक आहेत.

आता मुलीचा हिरवा शेंबूड. शरीरातल्या पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यातच एक हिरवट एन्झाइम असतं, सर्दी पिकली की तो रंग दिसतो. चौथ्या दिवशी हिरवं येणं म्हणजे सर्दी नेहमीच्या वाटेने चाललीय, बॅक्टेरिया आलाय असा अर्थ होत नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर काहीच करत नाही, जुलाब आणि पुरळ मात्र देऊ शकतं, आणि पुढे खरी गरज लागेल तेव्हा ते औषध लागू न पडण्याची शक्यता वाढते. मुलगी खेळतेय, पाणी पितेय, ताप नाही, तर रंगाकडे दुर्लक्ष करा. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नाही किंवा बरं वाटता वाटता पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप चढला आणि चेहरा दुखायला लागला तर मात्र सायनसचा विचार करावा लागतो, कान दुखायला लागला तर कान बघून घ्यायचा.

झोपताना मोठ्यांनी उशी एक जास्त घ्यावी, खांद्याखालून चढ यायला पाहिजे, नुसती मान वर नको. एक वर्षाखालच्या बाळाला उशी, टेकू काही नाही, सपाट आणि पाठीवरच. आणि जागरण करून काम उरकू नका, अमेरिकेत पिट्सबर्गला लोकांच्या नाकात मुद्दाम रायनोव्हायरस सोडून बघितलं होतं, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

बाळाचं थोडं वेगळं आहे. लहान बाळं जास्त करून नाकानेच श्वास घेतात, नाक बंद झालं की दूध ओढता येत नाही आणि चिडचिड सुरू होते. मेडिकलमध्ये तयार सलाईन ड्रॉप्स मिळतात तेच आणा, घरी बनवू नका. दूध पाजायच्या पाच-दहा मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, एक मिनिट थांबून रबरी बल्बने हलकेच ओढून घ्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा, त्याहून जास्त केलं तर नाक आतून सोलवटतं. दूध थोडं थोडं पण जास्त वेळा पाजायचं. तुम्ही बाळाला घेण्याआधी साबणाने 20 सेकंद हात धुवा, सर्दी हाताने फार पसरते, आणि खोकला असेपर्यंत पाजताना मास्क लावा.

बाळाला लगेच दाखवायचं कधी, तर दूध नेहमीच्या अर्ध्यावर आलं, लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर दिसतायत, उठवलं तरी नीट जागं होत नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा, दोन महिने ते एक वर्ष वयात 50 किंवा जास्त असतील तर थांबू नका, तुमच्या मुलीच्या वयात ही मर्यादा 40 आहे. तीन महिन्यांच्या आतल्या कुठल्याही बाळाला 38 डिग्री सेल्सिअस ताप आला तर सर्दी म्हणून घरी ठेवायचंच नाही. मोठ्यांमध्ये धाप, छातीत दुखणं, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, थुंकीत रक्त, तीन आठवडे ओलांडलेला खोकला, यातलं काही असेल तर दाखवून घ्या. आणि ज्यांना एकदम कडकडून ताप, अंग मोडून दुखणं असं सुरू झालं त्यांना साधी सर्दी नसून फ्लू असू शकतो, गरोदर बाई, दमा, शुगर किंवा 65 च्या पुढचं वय असेल तर अशा वेळी पहिल्या 48 तासांतच डॉक्टर गाठा, कारण फ्लूचं औषध तेव्हा सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं.